मोतीबाईचा पलंग

लढाईच्या काळात लखीराम आडे ब्रह्मदेशाच्या हद्दीवर लष्कराचा ट्रक चालवत होता. लढाई संपल्यावर तो फुलसावंगीजवळच्या आपल्या तांड्यावर परत आला आणि बाकीच्यांसारखा शेतीला लागला. दोन हंगाम त्याने औत हाकलं. पण बैलांच्या मागं चालताना त्याचा उजवा पाय सारखा काहीतरी दाबायला शोधत असायचा. शेवटी त्याने शेत बहिणीच्या नवऱ्याला, देवीलालला, बटईने दिलं, बैलजोडी विकली आणि लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी रुग्णवाहिका विकत घेतली.

मागच्या बाजूला लांबलचक पत्र्याचा डबा, त्यात दोन बाकं, जाळीची छोटी खिडकी आणि दोन दारं असलेली ती गाडी होती. कधीकाळी तिच्यात जखमी माणसं पडून गेली असतील. आता एका बाजूला गॅसबत्त्या टांगलेल्या असत आणि दुसऱ्या बाजूला लखीराम आणि त्याची बायको रामीबाई यांचा संसार असे. लग्नसराईत वणीपासून उमरखेडपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथं ते बत्त्या घेऊन जात. रामीबाई जाळ्या बांधी, काचा पुसे, रॉकेल भरी. लखीराम बत्त्या पेटवून मांडवात टांगी आणि पहाटेपर्यंत हवा भरत फिरे. दिवाळीनंतर गाडी तांड्यावरून निघाली की पावसाळ्यापर्यंत तीच त्यांचं घर. पावसाळ्यातही गाडी देवीलालच्या घराशेजारी उभी राही आणि हे दोघं तिच्यातच झोपत. मूलबाळ नव्हतं.

लखीरामची आई मोतीबाई तांड्यावरच्या तिच्या झोपडीत राहत असे. एका पावसाळ्यात झोपडीचं आढं बसलं, मागची भिंत पडली. लखीराम म्हणाला, वर्षातले आठ महिने आम्ही इथं नाही, मग भिंत कोणासाठी घालायची? याडीने आमच्यासंगं यावं. त्यांच्या गोर बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. मोतीबाईने नाही म्हटलं नाही. आपलं गाठोडं घेऊन ती गाडीत चढून बसली. ती सत्तरीच्या पुढची, हातभर बांगड्या, घेरदार फेटिया घागरा, अंगाने जड. बाकावर तिची पाठ धरायला लागली, तेव्हा लखीरामने थंडीत दोन दिवस खपून तिच्यासाठी पलंग केला. सागाच्या फळ्या, त्यावर गोधड्या, आणि हलू नये म्हणून गाडीच्या तळाच्या फळीतून आरपार घातलेले लांब बोल्ट. तो पलंग त्याने आल्या-गेल्याला दाखवला होता.

बासष्ट सालच्या वैशाखात ते वणीहून निघाले. आदल्या रात्री तिथल्या एका व्यापाऱ्याकडचं लग्न झालं होतं. निघाले त्याच दिवशी फुलसावंगीला भगवानरावांच्या मुलीचं गोरज मुहूर्तावर लग्न होतं. अंधार पडायच्या आत बत्त्या पोचवायचं कबूल केलं होतं. मधे सगळा जिल्हा आडवा पसरलेला. लखीराम आणि रामीबाईने डोळ्याला डोळा लावला नव्हता. उजाडायच्या आत त्यांनी बत्त्या भरल्या, मोतीबाईला हात देऊन मागं चढवलं आणि गाडी सुरू केली.

पांढरकवड्याच्या अलीकडे रामीबाईने नाक वर करून हुंगलं.

"वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

लखीराम म्हणाला, बत्त्यांचा असेल. घाईत भरल्यात, एखादी सांडली असेल. रामीबाईला रॉकेलचा वास अंगाच्या घामासारखा ओळखीचा होता आणि हा तो नव्हता. पण रात्रीच्या जागरणाने तिचं डोकं दुखत होतं, वाद घालायची ताकद नव्हती.

थोडं पुढं गेल्यावर एका चढावर इंजिन गचके खाऊ लागलं. जणू कोणी त्याचा गळा धरतंय आणि सोडतंय. लखीरामने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. ऊन आत्ताच चटकायला लागलं होतं. ब्रह्मदेशात त्याने हे पाहिलं होतं: उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. त्याने एक फडकं भिजवून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या छोट्या पंपावर गुंडाळलं आणि वाट पाहिली. गाडी पुन्हा सुरू झाली. दोन चढ पार झाले आणि गचके पुन्हा आले. पुन्हा फडकं, पुन्हा पाणी. प्यायच्या मडक्यातलं पाणी असं निम्मं संपलं.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा एका कडुनिंबाखाली थांबले. मोतीबाईला खाली उतरायचं होतं. रामीबाईने तिला धरून उतरवलं, झाडामागं नेलं, परत आणून सावलीत बसवलं. मोतीबाईने कनवटीची बिडी काढली. तेवढ्यात गाडीखाली रामीबाईला मातीत ओला डाग दिसला. ती वाकली, चिमूटभर माती बोटांत घेऊन चोळली. माती क्षणभर गार लागली आणि बघता बघता बोटं कोरडी झाली. रॉकेल असतं तर बोटं तेलकट राहिली असती.

"याडी, बिडी नोको पेटवू," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "पेट्रोल गयून राह्यलं. पाह्य."

लखीराम अंगावरचा सदरा काढून गाडीखाली सरकला. त्याने टाकीपासून सुरुवात केली. टाकी मागच्या चाकांच्या पाठीमागे होती आणि तिच्या तळाचा बूच ओला दिसत होता. चौकटीच्या लोखंडावरही ओल होती. थेंब मात्र कुठं पडताना दिसेना. त्याने बूच पान्याने आवळला, टाकीच्या सांध्यावर कपडे धुवायचा साबण घासला, हात चौकटीवरून फिरवला. ओल वाळून गेली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला खडे चिकटले होते. सापडलं, असं त्याने सांगितलं. बूच ढिला होता.

मोतीबाईला पुन्हा चढवलं. तिची बिडी कनवटीला परत गेली.

यवतमाळच्या आधीच्या चढांवर गाडी तीनदा मेली. आता वास लखीरामलाही येत होता. मागच्या डब्यात भरलेल्या बत्त्या, रॉकेलचे डबे आणि वर उन्हाने तापलेला पत्रा. त्याला लष्करात जळालेला एक ट्रक आठवला. त्याबद्दल तो रामीबाईशी काही बोलला नाही. फक्त मागच्या दारांना दोरी लावून ती अर्धवट उघडी ठेवली, म्हणजे वास बाहेर जाईल आणि वेळ आलीच तर म्हातारीला ओढून काढता येईल.

यवतमाळला किसनराव मिस्त्री त्याच्या ओळखीचे होते. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून गाडी पाहिली. आगीच्या भीतीने आधी सगळं उतरवायला लावलं. बत्त्या, डबे, भांडी, गाठोडी, सगळी माणसं. मोतीबाई दुकानाच्या सावलीत एका टायरावर बसली. किसनरावांनी इंजिन चालू करून टाकी पाहिली, नळी पाहिली, सांधे पाहिले, पंपाची वाटी काढून पुसून परत लावली. कुठं टिपूस नाही. इंजिनही गुमान चाललं. मनाचं समाधान म्हणून त्यांनी पंपातला रबरी पडदा नवा घातला आणि हात पुसत म्हणाले, लखीराम भाऊ, गाडी आता म्हातारी झाली. म्हाताऱ्या गाडीला वास येतोच.

उतरवलेलं सामान पुन्हा भरायला दुपार झाली. मागचा डबा उन्हात उभा राहून तव्यासारखा तापला होता. मोतीबाई म्हणाली, जरा वेळ पुढं बसून पाहते. तिला दोघांच्या मधे बसवलं आणि निघाले.

गाडी सुरेख चालली. आर्णीपर्यंत एक गचका नाही, वास नाही. लखीराम हळूहळू सैल झाला. किसनरावांना मानायला पाहिजे, पडदाच फाटला असणार, असं तो दोनदा म्हणाला. रामीबाईचं डोकं डुलायला लागलं. मोतीबाई मात्र ताठ बसून होती. बसून बसून तिची पाठ इतकी धरली की आर्णीला चहाला थांबले तेव्हा तिला सरळ उभं राहता येईना. चहा पिऊन तिला पुन्हा मागं, पलंगावर आडवं केलं.

आर्णी सोडून थोडं अंतर गेलं आणि पहिला गचका बसला.

रामीबाई जागी झाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढच्या चढावर गाडी मेली ती मेलीच. लखीरामने बराच वेळ चावी फिरवली. मग उतरून टाकीचं झाकण काढलं, बांबूची काडी आत बुडवली आणि वर काढून पाहिली. यवतमाळला भरलेलं थोडंसं पेट्रोल पार तळाला गेलं होतं. आजूबाजूला नांगरून टाकलेली रानं, लांब कुठं तरी एक पळस, रस्त्यावर कोणी नाही. सूर्य कलायला लागला होता.

तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. रामीबाई खाली आली आणि त्याच्या शेजारी बसली. ती म्हणाली, दिवसभरात निस्तं चढव-उतरव, चढव-उतरव करून माझे हात गळाले. आता फुलसावंगीचं जे व्हायचं ते होवो.

एवढ्यात आतून मोतीबाईने विचारलं, "लखी, उतरू का रे?"

गाडी तपासायची तर तिला उतरवायला हवं होतं. दरवेळी त्याने तेच केलं होतं. पण उठून तिला धरायचं, तिचा भार खांद्यावर घ्यायचा, सावली शोधायची, हे त्याच्याने होईना.

"राहू दे, याडी. पडून राह्य," तो म्हणाला, आणि तसाच बसल्या जागेवरून गाडीखाली सरकला.

पाठीवर पडून त्याने डोळे उघडले आणि त्याला थेंब दिसला.

टाकीजवळ नाही, पंपाजवळ नाही. गाडीच्या बरोबर मधोमध, जिथं तांब्याची नळी तळाच्या फळीखालून इंजिनाकडे जाते, तिथं नळीवर एक थेंब फुगला, लोंबला आणि लोखंडी चौकटीवर पडून मागं टाकीच्या दिशेने ओघळत गेला. लगेच दुसरा. लखीराम कोपरावर सरकत जवळ गेला. नळीच्या अगदी वर, फळीतून, एका बोल्टचं टोक खाली आलं होतं. त्या टोकाने नळीला दाबलं होतं आणि घासून घासून तिथं केसाएवढी चीर पाडली होती.

तो बोल्ट त्याने ओळखला. वणीच्या लोहाराकडून त्याने तो स्वतः निवडून घेतला होता, लांब, मजबूत.

त्याने काही वेळ नुसतं पाहिलं. मग रामीबाईला हाक मारून सांगितलं, याडीला खाली उतरव. वर फळी करकरली, बांगड्या वाजल्या, आणि म्हातारीचे पाय जमिनीला लागले तसं त्याच्या डोळ्यांसमोर बोल्टचं टोक नळीवरून किंचित उचललं गेलं. चीर मिटली. लोंबत असलेला शेवटचा थेंब पडला आणि पुढचा आला नाही.

"आता चढव तिले," तो खालून म्हणाला.

"आत्ता तर उतरवली," रामीबाई म्हणाली.

"चढव म्हंतो ना."

फळी पुन्हा वाकली. टोक खाली आलं. थेंब फुगला. त्याची खात्री झाली होती, तरी त्याने पुन्हा उतरायला सांगितलं आणि पुन्हा चढायला. कदाचित आपलं चुकत असेल, दुसरंच काही निघेल, असं त्याला वाटत होतं. तिसऱ्या वेळी मोतीबाई दाराशीच थांबली. तिला धाप लागली होती. रामीबाईला आता राग आला. ती खाली वाकून म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाले कायले नाचवून राह्यले? काय दिसलं ते सांगा तरी."

लखीराम बाहेर आला. केसांत माती, दंडावर पेट्रोल. आईकडे न पाहता त्याने सांगितलं, की पलंगाचा बोल्ट नळीवर टेकतो. पलंगावर भार आला की टेकतो. भार नसला की नाही. गाडी चालताना त्या चिरेतून इंजिन हवा ओढतं म्हणून गचके बसतात, आणि उभी राहिली की पेट्रोल गळतं.

"भार म्हंजे मी," मोतीबाई म्हणाली.

"बोल्ट म्हंतो मी, याडी. बोल्ट लांब झाला. माही चूक हाय."

मोतीबाई एकटीच, काठी टेकत, रस्ता ओलांडून लांबच्या पळसाकडे चालायला लागली. रामीबाई मागे जायला निघाली तर मोतीबाईने हाताने तिला थांबवलं.

लखीरामने काम सुरू केलं. लोखंड कापायची हॅक्सॉ काढून तो पुन्हा खाली गेला. ठिणगी उडू नये म्हणून रामीबाई कापायच्या जागेवर ओलं फडकं धरून बसली. बोल्टचं टोक कापायला वेळ लागला, कारण लोहाराने माल खरंच चांगला दिला होता. कापून झाल्यावर त्याने चिरेवर साबण दाबून बसवला, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून नळीवर गुंडाळली आणि तिच्यावर बारीक तार पिळून बांधली. तळाच्या फळीखाली एक लाकडाचा ठोकळाही ठोकला, म्हणजे फळी वाकली तरी नळीपर्यंत येणार नाही. डब्यात राखून ठेवलेलं पेट्रोल टाकीत ओतलं. मग रामीबाईला पलंगावर बसवून पाहिलं. कोरडं. तिच्याजवळ रॉकेलचे डबे ठेवून पाहिलं. तरी कोरडं.

तेव्हा तो आईला आणायला गेला.

मोतीबाई पळसाच्या मुळाशी बसली होती. गाडीपासून एवढ्या लांब आल्यावर तिने बिडी पेटवली होती आणि ती निम्म्याहून जास्त ओढून झाली होती. लखीराम तिच्या समोर उकिडवा बसला. झालं दुरुस्त, म्हणाला. आता काही होणार नाही, तू खुशाल झोप.

"मले हंसाच्या घरी उतरवून दे," मोतीबाई म्हणाली.

हंसाबाई ही लखीरामची धाकटी बहीण, देवीलालची बायको. तांड्यावर तिचं दोन खोल्यांचं मातीचं घर होतं. लखीरामला वाटलं, ही बोल्टचा राग काढते आहे. तो समजावू लागला. भाराचं बोललो ते तुला उद्देशून नव्हतं. तिथं धान्याचं पोतं असतं तरी तेच झालं असतं. मोतीबाईने ऐकून घेतलं.

"बोल्टाचं नाई रे," ती म्हणाली. "मी यंदा दिवाळीपासून हेच म्हनू म्हनू करून राह्यली. जमलंच नाई. तू पलंग केला, मंग तं तोंडच बंद झालं माहं."

"पोरगा असून याडी जावयाच्या घरी राह्यते, असं लोक म्हनतीन," लखीराम म्हणाला.

"म्हनू दे."

मग ती बोलायला लागली, त्याच्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत. ती लहान असताना तिच्या बापाचा तांडा मीठ आणि धान्य लादलेले बैल घेऊन फिरत असे. ती कुठल्या नाल्याकाठी जन्मली ते आईलासुद्धा आठवत नव्हतं. लग्न होऊन या तांड्यावर आली तेव्हा इथल्या लोकांनी नुकतीच शेती धरली होती आणि नवऱ्याने तिला चार भिंतींची झोपडी बांधून दिली होती. ती भिंत ती दर दिवाळीला स्वतः सारवायची. लोक म्हणतात, आपल्या जातीला फिरायची हौस. मोतीबाईला ती हौस कधीच नव्हती.

"तुह्या पलंगावर झोप लागते मले," ती म्हणाली. "पन जाग आली का इचारा लागते, हे कोनतं गाव हाय म्हून. रोज इचारा लागते. थकली मी, लखी."

झोपडीचं आढं बसलं तेव्हा भिंत कोणासाठी घालायची, असं आपण म्हणालो होतो, ते लखीरामला आठवलं. याडीने तेव्हा काही म्हटलं नव्हतं आणि आपण ते होकार म्हणून धरलं होतं.

"मले पहिलेच सांगतलं काहून नाई?" त्याने विचारलं.

"तू बी थकला दिसे मले. कोनाले सांगू?"

त्याने तिला उठवलं. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून रस्त्यापर्यंत आली आणि गाडीत चढली, पलंगावर आडवी झाली. गाडी चालू झाली. लखीराम जाता जाता हवा हुंगत होता, पण वास आला नाही.

फुलसावंगीला पोचले तेव्हा गोरज मुहूर्त टळून गेला होता. भगवानरावांनी गावातले कंदील आणि दोन-तीन दिवट्या गोळा करून लग्न लावून घेतलं होतं. ते रागावले होते, पण घरात पाहुणे होते आणि पंगती बसायच्या होत्या, म्हणून त्यांनी राग आवरला. एवढंच म्हणाले, की मुलीचं तोंड जावयाकडच्या माणसांना उद्या दिसेल. लखीरामने कारण सांगायचा प्रयत्न केला नाही. त्याने आणि रामीबाईने जमेल तेवढ्या घाईने बत्त्या पेटवल्या. पंगतींना उजेड मिळाला. वऱ्हाडातल्या एका म्हातारबाबांनी उजेडाकडे बघून डोळे मिटून घेतले आणि लखीरामला पाठीवर थोपटलं. त्या थोपटण्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तांड्यावर गेले. हंसाबाई गाडीचा आवाज ऐकून शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. देवीलाल शेतावर जायच्या तयारीत होता. लखीरामने मेव्हण्याला बाजूला घेतलं. काय आणि कसं सांगायचं, हे तो रात्रभर ठरवत होता. पण प्रत्यक्षात त्याच्या तोंडून एवढंच आलं, की याडीची पाठ दुखते, गाडीतली दगदग तिला झेपत नाही, काही दिवस ती इथं राहील. शेतातला आपला वाटा यंदापासून कमी धरायचा, असंही तो म्हणाला.

देवीलाल मितभाषी माणूस होता. वाट्याचं मागून पाहू, म्हणाला. मग घरात गेला आणि आतल्या खोलीतली कापसाची पोती बाहेर ओढून काढायला लागला. लखीराम मदतीला गेला. पोती हलवल्यावर मागच्या भिंतीला छोटी खिडकी निघाली, ती बरेच दिवस झाकलेलीच होती. हंसाबाईने तिथं बाज टाकली.

शेजारच्या घरातून सुखीबाई नावाची म्हातारी आली. ती मोतीबाईच्याच वयाची, एकाच वर्षी दोघींची लग्नं झालेली. तिने दारातूनच विचारलं, लेकाला सोडून आलीस का? तांड्यावर आज सगळीकडे हाच प्रश्न होणार, हे लखीरामला माहीत होतं. तो खाली मान घालून उभा राहिला.

"लेकानं आनून सोडलं," मोतीबाई म्हणाली. "मीच म्हनलं त्याले."

सुखीबाईने एकदा तिच्याकडे, एकदा लखीरामकडे पाहिलं आणि मोतीबाईच्या शेजारी बाजेवर बसली. दोघी कुणाच्या तरी नातसुनेबद्दल बोलायला लागल्या. रामीबाईने मोतीबाईचं गाठोडं आणून खुंटीला अडकवलं. त्यातल्या कपड्यांना अजून पेट्रोलचा वास येत होता, म्हणून ते तिने पुन्हा सोडलं, कपडे काढले आणि हंसाबाईबरोबर विहिरीवर धुवायला घेऊन गेली.

निघायच्या वेळी लखीराम आत गेला. मोतीबाई भाकर खात होती. त्याने सांगितलं, मृग लागायच्या आत येतो, मग पावसाळाभर इथंच. तुझ्या झोपडीची जागा पाहतो. तिने मान हलवली. भिंतीचं म्हणत असशील तर यंदा घाई करू नकोस, म्हणाली. दोन दिवस कुठं तरी सावलीत थांबा. रामीचे डोळे पाहिलेस का?

तो बाहेर आला. उमरखेडच्या पुढच्या लग्नाला अजून एक दिवस होता. रामीबाई गाडीच्या पुढच्या बाकावर बसून त्याची वाट पाहत होती. तिची मान मागं टेकली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. तो आपल्या जागेवर चढून बसला, चावीला हात लावला आणि तसाच थांबला.

"निघाचं?" रामीबाईने डोळे न उघडता विचारलं.

"थांबू जरासाक," तो म्हणाला.

देवीलालच्या घराची सावली अजून गाडीच्या टपापर्यंत पोचत होती. लखीराम उतरला, मागची दारं सताड उघडली आणि गाडीलगत जमिनीवर गोधडी अंथरली. रामीबाई येऊन तिच्या एका टोकाला आडवी झाली, दुसऱ्या टोकाला तो. तांड्यातली माणसं येत-जात होती, कुणी तरी बैलांना पाणी दाखवत होतं, सुखीबाईच्या बोलण्याचा आवाज आतून येत होता. ऊन सरकत सरकत त्यांच्या पायांवर आलं, तरी दोघांपैकी कोणालाही जाग आली नाही.